ट्राटेनबाखचा मास्तर

१९२० सालच्या शरदात ऑस्ट्रियातील ट्राटेनबाख नावाच्या एका लहानशा खेड्यातून चीनमधील पेकिंगला पत्रे जाऊ लागली. लिहिणारा होता गावच्या प्राथमिक शाळेत नुकताच रुजू झालेला मास्तर, आणि ज्याला लिहायचे तो होता बर्ट्रांड रसेल. ट्राटेनबाखच्या शाळामास्तराने पेकिंगमधल्या प्राध्यापकाशी पत्रव्यवहार करावा, असे या गावाच्या इतिहासात प्रथमच घडत असेल, असा विनोद मास्तराने एका पत्रात केला आहे. वर्षभराने, ऑक्टोबर १९२१ मध्ये, त्याच मास्तराने त्याच मित्राला कळवले की आपण अजून ट्राटेनबाखमध्येच असून नेहमीप्रमाणे क्षुद्रतेने आणि नीचपणाने वेढलेले आहोत. माणसे कुठेही सरासरीने फारशी लायकीची नसतात, पण इथली अंमळ अधिकच नालायक आहेत. या दोन पत्रांच्या मध्ये एक शालेय वर्ष गेले होते. त्या वर्षात काय झाले आणि त्यातून मास्तर काय शिकला, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

मास्तराचे नाव लुडविग विटगेन्श्टाइन. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात त्याचे पान मोठे असल्यामुळे ही शाळेची वर्षे (१९२० ते १९२६) दोन महान कालखंडांमधली पोकळी म्हणून उरकली जातात. साहित्याच्या वर्गातही त्याचा उल्लेख येतो तो भाषिक खेळांपुरता. शाळा आली तरी आख्यायिकेच्या रूपाने येते: अब्जाधीशाचा मुलगा, सर्वस्वाचा त्याग करून खेड्यात जातो, मुलांना शिकवतो. आपल्याकडे त्यागाच्या कथेला श्रोते लवकर मिळतात. ही आख्यायिका खोटी नाही, मात्र ती अर्धी आहे. उरलेला अर्धा भाग त्या वर्गातल्या मुलामुलींच्या आठवणींत आहे, आणि त्या आठवणी पुढे संशोधकांनी त्या खेड्यांत जाऊन गोळा केल्या नसत्या तर आख्यायिकाच इतिहास ठरली असती.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. वडील कार्ल विटगेन्श्टाइन हे पोलाद उद्योगातले युरोपातले एक धनाढ्य नाव. मुलगा केंब्रिजला रसेलच्या हाताखाली तर्कशास्त्र शिकला, पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून लढला, आणि युद्ध चालू असतानाच त्याने ‘ट्रॅक्टेटस’ पूर्ण केले. आघाडीवर असताना टार्नुफच्या एका पुस्तकाच्या दुकानात त्याला टॉलस्टॉयने संक्षेपाने सांगितलेली येशूची कथा मिळाली. ते पुस्तक तो सतत जवळ बाळगी. इटलीतील युद्धबंदीतून १९१९ मध्ये सुटून आल्यावर त्याने वाट्याची सारी संपत्ती भावंडांच्या नावे केली आणि व्हिएन्नातील अध्यापक विद्यालयात नाव घातले. वय तीस, आणि बाकावर शेजारी सतरा-अठरा वर्षांची पोरे. डी.एड.च्या वर्गात पाठ टाचण लिहीत बसलेला प्रौढ विद्यार्थी आपल्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. त्याची जी अवघडलेली अवस्था असते तीच याचीही झाल्याचे त्याच्या पत्रांवरून दिसते. तिकडे ‘ट्रॅक्टेटस’ला प्रकाशक मिळत नव्हता. म्हणजे ट्राटेनबाखच्या वर्गात तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा ज्या पुस्तकाने तत्त्वज्ञानाचे सारे प्रश्न निकालात काढले असे त्याला वाटत होते, ते पुस्तक छापलेलेही नव्हते.

थोरली बहीण हेर्मिने हिला हे सगळे समजेना. इतक्या बुद्धीच्या माणसाने खेड्यात मुळाक्षरे शिकवणे म्हणजे सूक्ष्म उपकरणाने लाकडी खोकी उघडण्यासारखे आहे, असे ती म्हणाली. त्याने उत्तर दिले ते दृष्टान्ताने. बंद खिडकीच्या आतून एखादी व्यक्ती रस्त्यावरच्या माणसाचे विचित्र हातवारे पाहते. बाहेर केवढे वादळ चालू आहे आणि तो माणूस जेमतेम पायांवर उभा आहे हे तिला आतून कळत नाही. एंगेलमान या मित्रालाही त्याने त्याच सुमारास कळवले होते की शाळेच्या कामाने मला आनंद होतो आणि त्या कामाची मला गरज आहे, एरवी अंतरातले सगळे सैतान मोकळे सुटतील. पुढचे समजून घ्यायला हे महत्त्वाचे आहे. हा शिक्षक मुलांकरता खेड्यात गेला हे जितके खरे, तितकेच तो स्वतःला सावरण्यासाठी गेला हेही खरे. जागा निवडतानासुद्धा हे दिसते. आधी जे गाव पुढे आले त्यात बाग आणि कारंजे होते, म्हणून त्याने ते नाकारले. त्याला संपूर्ण खेडे हवे होते. खेड्याला कोण हवे होते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

तो काळ ऑस्ट्रियात शालेय सुधारणेचा होता. साम्राज्य कोसळले होते, नवे प्रजासत्ताक उभे राहत होते, आणि ओटो ग्लोकेल या समाजवादी नेत्याच्या पुढाकाराने घोकंपट्टीविरुद्ध मोहीम सुरू झाली होती. मुलाने स्वतः करून शिकावे, परिसरातून शिकावे, असा तिचा रोख होता. व्हिएन्नात या मोहिमेला पाठिंबा होता. डोंगराळ, कॅथलिक, गरीब खेड्यांत संशय होता. विटगेन्श्टाइन सुधारणेच्या घोषणांची टर उडवी, पण वर्गात वागे तो बराचसा त्याच मार्गाने. प्रशिक्षणाने दिलेले शब्द थट्टेचे होतात आणि त्यामागच्या रीती मात्र अंगात मुरतात, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

आणि तो शिकवी विलक्षण. हेर्मिनेने त्याला मुलांपुढे शिकवताना पाहिले होते. तो व्याख्यान देत नसे; प्रश्न विचारून मुलांना उत्तरापर्यंत नेई. वाफेचे इंजिन कसे चालते ते सांगण्याऐवजी मुलांकडूनच त्याची रचना शोधून घेई. उत्तर देण्याची संधी मिळावी म्हणून मुले अक्षरशः एकमेकांच्या अंगावर चढत, असे तिने लिहिले आहे. या वर्षांत त्याने मुलांकडून प्राण्यांचे सांगाडे जुळवून घेतले, त्यांना रात्री आकाशातले तारे दाखवले. ग्रिमच्या परीकथा, गलिव्हरचे प्रवास, लेसिंगच्या नीतिकथा, टॉलस्टॉयच्या लोककथा अशी पुस्तके तो मुलांसाठी व्हिएन्नातल्या मित्राकडून मागवी. मुलांना घेऊन तो व्हिएन्नाची सहल काढी. इमारतींच्या शैली, संग्रहालयातली यंत्रे, सारे वर्गात आधी शिकवलेले असे आणि तिथे ते ओळखायचे असे. परतीच्या वाटेवर स्टेशनापासून गावापर्यंत रात्री जंगलातून चालत यायचे, आणि चालताना दगड व झाडे ओळखायची. खेड्याबाहेर कधी न गेलेल्या मुलांसाठी ते केवढे घबाड असेल! गावच्या कापडगिरणीतले बंद पडलेले वाफेचे इंजिन त्याने चार माणसांना हातोडे देऊन, ठरावीक क्रमाने ठोकायला लावून चालू केले, अशी गोष्ट ट्राटेनबाखमध्ये नंतर पुष्कळ वर्षे सांगितली जात होती. गावाने त्याला चमत्काराचे श्रेय दिले. विश्वास मात्र दिला नाही.

त्याचे कारण वर्गातच होते. सकाळचे पहिले दोन तास गणिताचे असत. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना तो बीजगणित शिकवी, जे त्या वर्गाला नेमलेले नव्हते. ज्यांना जमे त्यांना हे तास आयुष्यभर आठवले. ज्यांना जमत नसे त्यांनाही आठवले, पण निराळ्या कारणाने. उत्तर चुकले की कानशिलात बसे, केस ओढले जात. आता, मारणे ही त्या काळच्या ऑस्ट्रियन खेड्यात नवलाची बाब नव्हती. आपल्याकडेही छडीशिवाय मास्तर ओळखू येत नसे. पण गावाचा एक अलिखित संकेत होता. दांडगाई केली, उलट बोलला, तर मुलाला मारावे. समजले नाही म्हणून मारू नये. आणि मुलींना तर मारूच नये. मुलींनी बीजगणित शिकावे अशीही तिथे कोणाची अपेक्षा नव्हती. विटगेन्श्टाइनने मुलींना मुलांच्या बरोबरीने बीजगणित शिकवले, आणि ते आले नाही म्हणून मुलांच्या बरोबरीने मारलेही. त्या वर्गातल्या मुलींच्या आठवणी वाचताना आमची गत विचित्र होते. समानतेचा इतका कडवा आग्रह आणि त्याचीच इतकी क्रूर वसुली एकाच हाताने एकाच तासात झाली आहे. कोणते आधी मोजावे?

चरित्रकार इथे सहसा स्वभावावर बोट ठेवतात: तापट, अधीर, परिपूर्णतेचा ध्यास घेतलेला. स्वभावाचे स्पष्टीकरण आम्हांला अपुरे वाटते. हा माणूस अशा घरातून आला होता जिथे ब्राम्स पाहुणा म्हणून येई. समजणे म्हणजे काय हे त्याला आतून ठाऊक होते. न समजणे म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. समोरचे मूल समजून घेत नाही म्हणजे ते समजून घेऊ इच्छीत नाही, आळशी आहे, किंबहुना अप्रामाणिक आहे, असा निष्कर्ष तो तत्काळ काढी. न समजण्याला तो नैतिक अपराध मानी. हुशार विद्यार्थी राहिलेल्या शिक्षकाची पहिल्या वर्षातली ही नेहमीची चूक आहे. ती इथे एका अलौकिक बुद्धीच्या माणसाकडून झाली, म्हणून तिचे माप वाढले.

दुसरा धडा पैशाचा होता. शाळा सुटल्यावर निवडक मुलांना तो संध्याकाळपर्यंत थांबवून शिकवी, एक पैसा न घेता. त्यांना पुढे शहरातल्या शाळेत पाठवावे ही त्याची तळमळ होती. एका गरीब घरच्या अतिशय हुशार मुलाची व्हिएन्नात सोय करण्याचीही त्याने तयारी चालवली होती. ते घडले नाही. घराला मुलाची मजुरी हवी होती, आणि दुसऱ्याच्या अन्नावर राहणे त्या मुलालाही रुचले नाही. दुसऱ्या एका शेतकरी बापाने तर मास्तराला वेडा ठरवून वाटेला लावले. मुलगा त्याला शेतावर हवा होता. विटगेन्श्टाइनला यात क्षुद्रता दिसली. आम्हांला त्यात हिशेब दिसतो. संध्याकाळी सातपर्यंत मुलगा शाळेत राहिला तर गोठ्यातले काम कोण करणार, हा प्रश्न त्या घरापुढे रोजचा होता. युद्ध हरलेल्या देशात पैशाची किंमत महिन्यागणिक घसरत होती. ज्याने संपत्ती सोडली त्याने दारिद्र्य निवडले होते. गावकऱ्यांच्या पुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. एकाच गावात, एकसारख्या साध्या खोल्यांत राहूनही त्यांच्यातले हे अंतर कधी मिटले नाही, आणि गावकऱ्यांना ते मास्तरापेक्षा आधी कळले होते असे दिसते. हा कोणी श्रीमंत घरचा माणूस आहे, याची कुजबुज गावात सुरुवातीपासून होती.

रसेलने त्या कडवट पत्राला उत्तर दिले ते त्याच्या स्वभावाप्रमाणे: माणसे सगळीकडे सारखीच वाईट, ट्राटेनबाखला वेगळे काढायचे कारण नाही. विटगेन्श्टाइनने ते अर्धेमुर्धे मान्य केले. मनुष्यजातीपेक्षा ट्राटेनबाख वाईट नसेल, पण ऑस्ट्रिया युद्धानंतर फार खाली गेला आहे आणि ट्राटेनबाख तर ऑस्ट्रियातही नगण्य आहे, असे काहीसे त्याने लिहिले. पत्रव्यवहार पुढेही चालला. गावाबद्दलचे मत बदलले नाही. दोन वर्षांनी त्याने गाव सोडले. हासबाखमध्ये थोडे दिवस, मग पुखबर्ग, १९२४ पासून ओटरथाल. पुखबर्गला १९२३ मध्ये केंब्रिजचा फ्रँक रॅम्से त्याला भेटायला आला आणि शाळा सुटल्यावर दोघे ‘ट्रॅक्टेटस’ ओळ-ओळ वाचत बसले, तो प्रसंग प्रसिद्धच आहे.

त्याहून कमी प्रसिद्ध, आणि आमच्या मते अधिक मोलाची गोष्ट म्हणजे शब्दकोश. विटगेन्श्टाइनच्या हयातीत त्याची पुस्तके दोनच निघाली. एक ‘ट्रॅक्टेटस’ आणि दुसरे, १९२६ मध्ये व्हिएन्नात छापलेला प्राथमिक शाळांसाठीचा शब्दकोश. अर्थ न देणारा, केवळ शुद्धलेखनाचा, चाळीसएक पानांचा. त्याची मुळे वर्गात आहेत. छापील कोश एक तर महाग, नाहीतर निरुपयोगी, म्हणून त्याने मुलांना स्वतःचे कोश वहीत तयार करायला लावले. पुढे त्यातूनच पुस्तक झाले. त्याला लिहिलेल्या प्रस्तावनेत तो निबंध तपासण्याच्या कामाविषयी बोलतो. चुकीच्या शब्दावर शिक्षकाने बरोबर शब्द लिहून दिला तर मुलाला काही करायचे उरत नाही. नुसती खूण केली तर मुलाला बरोबर रूप सापडायला हवे, आणि त्यासाठी त्याच्या हाताशी कोश हवा. आपली चूक आपण शोधली तरच शुद्धलेखनाची जाणीव, त्याच्या शब्दांच्या जवळ जायचे तर सदसद्विवेक, मुलात जागा होतो. शब्दांचा क्रम लावतानाही तो अक्षरानुक्रमाला आंधळेपणाने शरण जात नाही. नात्यातले शब्द जवळ ठेवले तर मूल गोंधळेल की त्याला मदत होईल, याचा तो एकेका शब्दापाशी थांबून विचार करतो. आणि बोलीचा विचार करतो. घरी बोलीभाषा बोलणारे मूल प्रमाण जर्मन लिहिताना नेमके कुठे अडखळते, हे त्याला वह्या तपासून कळले होते.

इथे आमची एक कबुली. उमेदवारीच्या वर्षात आमच्याकडे दुसरीचा वर्ग होता. एका मुलाने सबंध पानभर ‘पानी’ असे लिहिले होते आणि आम्ही सबंध पानभर तांबड्या शाईने ‘ण’ केले होते. दुसऱ्या दिवशी त्याला वाचायला सांगितले तर त्याने आमचा ‘ण’ पाहत ‘पानी’ असेच वाचले. त्याच्या घरात तो ध्वनी नव्हता. ऐकूच न येणारी गोष्ट त्याने लिहावी कशी? आम्ही त्याला वर्षभर निष्काळजी समजत होतो. कोशाची ही प्रस्तावना आम्ही पुढे बऱ्याच वर्षांनी वाचली.

ती प्रस्तावना मूळ पुस्तकात छापली गेली नव्हती. शाळाखात्याच्या अधिकाऱ्याने, आपल्याकडे ज्याला एकेकाळी ‘दिपोटी’ म्हणत तसल्या, तिच्यावर आणि शब्दांच्या निवडीवर हरकती घेतल्या होत्या. ती प्रसिद्ध झाली लेखकाच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने. ट्राटेनबाखच्या पहिल्या वर्षातला शिक्षक आणि या प्रस्तावनेतला शिक्षक यांच्यात पाच वर्षांचे अंतर आहे. पहिला चूक झाली की हात उगारतो. दुसरा चूक कशी होते ते पाहत बसतो. वाचणाऱ्याला वाटावे की शिक्षक घडला.

प्रस्तावनेवर तारीख एप्रिल १९२५ ची आहे. एप्रिल १९२६ मध्ये ओटरथालच्या वर्गात त्याने एका अकरा वर्षांच्या अशक्त, संथ मुलाच्या डोक्यावर दोन-तीन तडाखे मारले आणि मुलगा बेशुद्ध पडला. मुलाची आई एका शेतकऱ्याकडे घरकाम करणारी होती. विटगेन्श्टाइनने वर्ग सोडून दिला, मुलाला उचलून मुख्याध्यापकाच्या खोलीत नेले, डॉक्टरला बोलावणे पाठवले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने राजीनामा दिला. चौकशी झाली, न्यायालयाने त्याच्या मनःस्थितीची तपासणी करण्याचा आदेश दिला. चौकशीत त्याच्यावर ठपका आला नाही असे चरित्रकार सांगतात, पण आपण मुलांना किती मारत होतो याविषयी आपण तिथे खरे बोललो नाही, ही टोचणी त्याला राहिली. तो पुन्हा कधी प्राथमिक शाळेत शिकवायला गेला नाही. कागदावर उमटलेले शहाणपण हातापर्यंत पोचले नव्हते. हे दोन्ही विटगेन्श्टाइन एकाच वेळी एकाच वर्गात होते, म्हणून त्यांपैकी एकाला खरा आणि दुसऱ्याला अपवाद म्हणण्याची पळवाट आम्ही घेणार नाही.

विल्यम बार्टली या अभ्यासकाने १९७३ मध्ये असे मांडले की विटगेन्श्टाइनच्या उत्तरकालीन तत्त्वज्ञानाचे मूळ या शाळांत आहे. त्याचा दावा पुष्कळांना अतिरेकी वाटला, आणि शालेय सुधारणेच्या सिद्धान्ताशी थेट नाते जोडण्यापुरता तो तसा आहेही. पण १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ उघडून पाहावे. ते सुरू होते मूल शब्द कसे शिकते या ऑगस्टीनच्या वर्णनापासून. पुढे त्यात एक विद्यार्थी येतो. त्याला दोन-दोन मिळवत जायला शिकवले आहे, हजारापर्यंत तो बरोबर जातो, आणि हजारानंतर १००४, १००८ असे लिहू लागतो. शिक्षक म्हणतो, चुकले. विद्यार्थी म्हणतो, मी तर तसेच पुढे नेतो आहे. यावर काय बोलायचे, हा प्रश्न त्या पुस्तकातल्या अवघड प्रश्नांपैकी एक आहे आणि त्यावर ग्रंथांचा डोंगर रचला गेला आहे. साहित्याच्या अभ्यासकांना आम्ही एवढेच सुचवू की तो उतारा एकदा शाळेतला प्रसंग म्हणून वाचावा. तिथला विद्यार्थी मंद नाही, लबाड नाही. त्याची चूक एका सुसंगत समजुतीतून आलेली आहे. त्याच्यापुढे उभा असलेला शिक्षक खुलाशामागून खुलासा देतो, आणि कोठेतरी खुलासे संपतात हे त्याला दिसते. त्याचा हात उगारलेला नाही. ट्राटेनबाखमधल्या सकाळच्या दोन तासांत असे किती विद्यार्थी फळ्यापुढे उभे राहिले असतील, आणि त्यांच्या १००४ चे काय झाले असेल?

१९३६ च्या सुमारास, शाळा सोडून दहा वर्षे झाल्यावर, विटगेन्श्टाइनने आपल्या काही मित्रांना एकेकट्याला गाठून आयुष्यातल्या अपराधांची कबुली दिली. केंब्रिजमध्ये त्याला रशियन शिकवणाऱ्या फान्या पास्कल यांनाही ती ऐकावी लागली. त्यांनी आपल्या आठवणींत तिचा वृत्तान्त दिला आहे आणि तो प्रसंग आपल्याला किती नकोसा वाटला हेही लपवलेले नाही. त्या कबुलीत एक गोष्ट शाळेतली होती. वर्गातल्या एका लहान मुलीला त्याने मारले होते, ती मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन गेली, आणि याने मारल्याचे नाकारले होते. त्याच सुमारास तो ओटरथालला गेला आणि मारलेल्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन त्याने क्षमा मागितली. ती मुले आता विशी ओलांडलेली, शेतावर नाहीतर कारखान्यात काम करणारी होती. कोणी मनापासून क्षमा केली. एका घरी मात्र, जिथल्या मुलीचे कान आणि केस त्याने ओढले होते, तिने त्याचे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, ‘हं, हं.’